कोऱ्या रकान्यांचे लहानेबाबू

लहानेबाबूंनी पहिल्या दिवशी मला एक अक्षरही लिहू दिलं नाही. मी मास्तरीण; माझं अक्षर चांगलं म्हणून मला शाळेतून मुद्दाम बुलढाण्याच्या शिक्षण कचेरीत मागवून घेतलं होतं. आणि हे गृहस्थ माझ्यापुढे एक जुनं दाखल-खारीज रजिस्टर उघडून म्हणाले, "बाई, आज फक्त रिकाम्या जागा पाहा. भरलेल्या जागा कोनालेबी दिसतात."

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या बुलढाणा जिल्ह्यानं थोड्या काळात तीन राज्यं पाहिली होती. आधी मध्यप्रदेश, मग मोठं मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. माणसं होती तिथंच राहिली, कागदांचे नमुने मात्र बदलत गेले. शाळेत मूल आलं कधी, गेलं कधी, हे ज्यात लिहितात त्या दाखल-खारीज रजिस्टरांचंही तसंच झालं. सरकारी शाळांची एका तऱ्हेची, नगरपालिकेच्या शाळांची दुसऱ्या, खाजगी शाळांची आणखी तिसऱ्याच. कुणाकडे जन्मतारखेचा रकाना, कुणाकडे नुसता वयाचा. कुणी पूर्ण नाव एका ओळीत लिहिलेलं, तर कुणी नावाचे तीन तुकडे केलेले. हे सगळं एका नव्या छापील नमुन्यात उतरवायचं काम निघालं होतं. त्यासाठी कचेरीच्या टोकाची एक खोली दिली होती. खोलीत दोन टेबलं, भिंतीला लागून रजिस्टरांच्या थप्प्या आणि लहानेबाबू.

बुटकी, सावळी मूर्ती. डोक्यावर टोपी. शाईचे डाग पडू नयेत म्हणून उजव्या मनगटाला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळलेली. खुर्चीला पाठ कधी टेकायचे नाहीत. घरचे लोक धामणगाव बढ्याला वांगी, मिरची, मेथी पिकवायचे. सोमवारी गावाहून येताना बाबू पिशवीभर भाजी आणायचे आणि खोलीत येईल त्याला वाटायचे. वाटताना सांगायचे, "हे सकाळची तोड हाय, हे कालची. कालची आज संपवा." कचेरीचे साहेब पुण्याकडचे होते. बाबूंचं मले-तुले ऐकून सुरुवातीला ते हसायचे. बाबू त्यांच्याशीही तसंच बोलत राहिले, तेव्हा पुढे पुढे हसणं थांबलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी रिकाम्या जागांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी 'वडिलांचा धंदा' या रकान्यावर बोट ठेवलं. तीन मुलांच्या नावापुढे तो कोरा होता.

"या तिघायच्या समोर काय लिवान तुमी?"

"आडवी रेघ ओढीन," मी म्हटलं.

"तिघायलेबी?"

"तिन्ही रिकामेच आहेत ना."

त्यांनी मान हलवली. "बाई, या पोराचा बाप पांगळा हाय, धंदा करतच नाई. म्हंजे इथी 'नाही' येईन. या दुसऱ्याचा बाप मरून गेला, तं धंदा इचारायचं कामच नाई. इथी 'लागू नाही'. आनं या तिसऱ्याले मास्तरनं इचारलंच नाई. इथी लिवा 'नोंद नाही'. तीन मानसं तीन तऱ्हेचे. एक रेघ ओढली का तिघंबी एकासारखे झाले."

"पण तुम्हाला कसं कळलं कोण कोणता ते?"

"चिठ्ठ्या पाठवल्या मास्तरायले. दोघायनं उत्तर देल्लं. तिसऱ्यानं देल्लं नाई, म्हून 'नोंद नाही'."

मला वाटलं, या गतीनं आपण म्हातारे होऊ. पण आठवड्याभरानं माझीही नजर तशीच झाली. कोरी जागा दिसली की हात थांबायचा.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "नमुना बदलला तं बदलू द्या. मानूस तोच राह्यला पाह्यजे." हे ते कुणाला बजावून सांगायचे नाहीत. लिहिता लिहिता स्वतःशीच पुटपुटायचे, जशी बायामाणसं दळताना पुटपुटतात.

आमच्याकडच्या जुन्या कागदांवर 'गणपत वल्द सीताराम माळी' असं लिहायची रीत. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. नव्या नमुन्यात मात्र तीन चौकोन होते: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. माझ्याआधी जे लिहिणारे होते त्यांनी तिसऱ्या चौकोनात सरळ 'माळी' लिहून टाकलेलं. बाबूंना ते सहन होत नसे. माळी ही जात, आडनाव नव्हे. त्या माणसाचं आडनाव इंगळे असेल, वानखडे असेल. जातीच्या जागेचा शब्द आडनावाच्या जागी बसला की पुढच्या पिढीला तेच आपलं आडनाव वाटणार. त्यासाठी ते गावोगावच्या मास्तरांना पुन्हा चिठ्ठ्या पाठवत. मास्तर मंडळी वैतागत. एका मास्तरांनी उत्तरात नुसतं लिहून पाठवलं, 'आपणांस दुसरा उद्योग नाही काय?' बाबूंनी ती चिठ्ठी मला वाचून दाखवली आणि गंभीरपणे म्हणाले, "नाई." मग त्याच मास्तरांना तोच प्रश्न पुन्हा पाठवला.

साखरखेर्ड्याकडच्या शाळांत जालन्याकडून आलेली मुलं असायची. त्यांचे जुने दाखले निजामाच्या राज्यातले, उर्दूत लिहिलेले. सालही त्यांचं वेगळं, फसली. महिने आबान, बहमन, शहरेवर असे. दुसरं कोणी असतं तर वयाचा अंदाज बांधून मोकळं झालं असतं. बाबू तरुणपणी काही वर्षं साखरखेर्ड्याला नोकरीला होते. तिथं शेजारच्या एका वृद्ध मौलवींकडून ते उर्दू वाचायला शिकले होते. त्यांच्याकडे एक हातानं आखलेली वही होती. तिच्यात फसली महिन्यापुढे इंग्रजी महिना, त्यापुढे आपला महिना. एक तारीख लावायला त्यांना अर्धा तास लागायचा. लागली की वहीवरून हात फिरवून म्हणायचे, "घ्या बाई, हे पोरगं आलं आपल्या राज्यात."

तरीही हा माणूस सगळ्यांना हवाहवासा होता असं नाही. त्यांच्या चोखपणाचा काच लोकांना व्हायचा, आणि एकदा तर तो फारच झाला.

वरून एक तोंडी सूचना आली होती. जन्मतारीख ठाऊक नसेल तिथं एक जुलै लिहून टाका. शाळा त्या दिवशी उघडतात, सोयीचं आहे. बाबूंनी ते मानलं नाही. वयावरून निघेल ती तारीख ते लिहायचे आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं 'अं.' करायचे. अं. म्हणजे अंदाजे. साहेबांनी एकदा समजावलं, "बाबू, तारीख ती तारीख. तिच्यापुढे कशाला काही जोडता?" बाबू म्हणाले, "साहेब, ठाऊक असलेली तारीख आनं बनवलेली तारीख, दोन्ही एकासारख्या दिसल्या तं पुढच्यानं कोनावर भरोसा ठेवायचा?" साहेबांनी नाद सोडला.

वरवट बकालची शेवंता नावाची एक मुलगी होती. मराठी सातवी झालेली, हुशार. दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यायला तिनं अर्ज केला. वयाचा दाखला आमच्याकडून गेला. त्यावर लाल 'अं.' होता. तिकडच्यांनी अर्ज परत पाठवला: वय अंदाजे चालत नाही, पक्की तारीख आणा. शेवंता बापाबरोबर बुलढाण्याला आली. बाप बोलत नव्हता, ती बोलत होती.

"बाबू, बाकीच्या पोरीयच्या दाखल्यावर एक जुलै हाय. त्यायले घेतलं. मलेच काऊन नाई?"

"त्यायची तारीख खोटी हाय," बाबू म्हणाले.

"मंग माहीबी खोटी लिवा."

बाबूंनी तिचा दाखला घडी करून तिला परत दिला. मुलगी थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. मला त्यांचा राग आला. तो मी बोलून दाखवला नाही, पण दिवसभर त्यांच्याशी बोललेही नाही. संध्याकाळी ते म्हणाले, "बाई, उद्या वरवटला चला. बाया मले सांगनार नाईत, तुमाले सांगतीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं राजूरचा घाट उतरून, बस बदलत बदलत वरवट बकालला पोचलो. गावात जन्म-मरणाची नोंद कोतवालाच्या वहीत असते, आमच्याकडे तिला कोतवाल बुकच म्हणतात. त्यात मुलाचं नाव नसतं. नाव ठेवायच्या आधीच नोंद झालेली असते. नुसतं 'अमक्यास मुलगी' एवढंच. शेवंताच्या बापाचं नाव महादेव वल्द रामा. त्या वर्षी गावात दोन महादेव वल्द रामा निघाले, आणि दोघांनाही मुलगी, चार महिन्यांच्या अंतरानं. त्यातल्या एका तारखेनं शेवंता वयात बसत होती, दुसरीनं बसत नव्हती.

शेवंताची आई चुलीपुढे बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तारीख विचारून उपयोग नव्हता, म्हणून त्या दिवशी काय काय झालं ते विचारलं. ती आठवत राहिली. ऊन होतं. दाई जेवायला गेली होती. मग म्हणाली, "गावात गलका झाला. पाटलाच्या हिरीत गवंडी पडला म्हने. सारे तिकडं पळाले. माह्यापाशी कोनीच नोतं. तवा झाली हे."

बाबू दाराबाहेर उभे होते. ते तसेच कोतवालाच्या घराकडे चालू लागले. मरणाच्या पानावर गवंड्याची नोंद सापडली: विहिरीत पडून. तारीख दोन मुलींपैकी एकीच्या जन्माची होती. शेवंता वयात बसत होती.

पण हे सगळं होऊन कागद जाईपर्यंत त्या वर्षीची भरती संपली. शेवंताला पुढच्या वर्षी घेतलं. जाण्याआधी ती आमच्या खोलीत आली होती. आभार मानायला आली असेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "बाबू, एक वर्स गेलं माहं."

बाबू उभे राहिले. "हाव. माह्यामुळं गेलं."

ती काहीतरी ऐकायला आली असावी, ते बहुधा हेच होतं. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि गेली. त्यानंतर बाबूंनी एक गोष्ट बदलली. लाल 'अं.' करायचं सोडलं नाही, पण ज्या मुलामुलीपुढे 'अं.' असेल त्यांच्या गावी आधीच चिठ्ठी टाकायचे, की कोतवाल बुकात शोधून ठेवा, पुढे लागेल.

स्वतःबद्दल ते फारसं बोलत नसत. एका गोष्टीचा मात्र त्यांना अभिमान होता. कचेरीतल्या निम्म्या लोकांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख एक जुलै होती. लहानेबाबूंची नव्हती. त्यांना शाळेत घालताना हेडमास्तरांनी स्वतः कोतवाल बुक पाहून तारीख लिहिली होती. "आपली तारीख अस्सल हाय," असं ते कधीमधी म्हणायचे.

आम्ही धामणगाव बढ्याच्या नोंदींवर आलो तेव्हा पावसाळा संपत आला होता. तिथली कोतवाल बुकं फार जुनी, पानं सुटी झालेली. ती पडताळायला आणि उतरवून घ्यायला कचेरीत मागवली होती. मी वाचायची आणि बाबू लिहायचे. एके दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, मी एका पानावरून वाचलं, "सुखदेव वल्द गोविंदा माळी यास मुलगा."

त्यांचा टाक थांबला. "साल वाचा."

मी साल वाचलं.

"तारीख?"

मी तारीख वाचली. त्यांनी टाक दौतीत ठेवला आणि मनगटाची पट्टी सोडू लागले. ती सोडली, पुन्हा गुंडाळली.

"काय झालं बाबू?"

"सुखदेव वल्द गोविंदा म्हंजे माहा बाप. गावात त्या नावाचा दुसरा कोनी नाई."

मी हसून म्हटलं, "म्हणजे तुमचीच नोंद सापडली की."

"माही तारीख हे नोहे, बाई. माही याच्या दोन वर्सानंतरची हाय."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, अगदी सावकाश. परवा ते एकटेच बसून मरणाची पानं उतरवत होते. त्यात एक नोंद होती: सुखदेव माळी याचा मुलगा, वय दीड महिना. ताप. त्यांनी ती उतरवली. आपल्याला एक धाकटा भाऊ होऊन गेला हे त्यांना आईकडून ठाऊक होतं. मरणाच्या तारखेतून दीड महिना मागे गेलं की जो दिवस येत होता, तो त्यांच्या सेवापुस्तकातला जन्मदिवस होता. परवापासून ते हेच मनात घेऊन बसले होते. कदाचित कोतवालानं वय चुकीचं लिहिलं असेल, कदाचित आणखी काही असेल. आज मी थोरल्या मुलाची, म्हणजे बाबूंचीच, नोंद वाचली आणि कदाचित म्हणायला जागा उरली नाही. हेडमास्तरांनी कोतवाल बुक पाहिलं होतं हे खरं. त्यात सुखदेव माळीचा मुलगा दिसला, तो त्यांनी लिहून घेतला. तो जगला की गेला, हे पाहिलं नाही.

"म्हंजे इतकी वर्सं मी त्याची तारीख घेऊन फिरून राह्यलो," बाबू म्हणाले. "त्याले नाव ठेवलं का नाई तेबी ठाऊक नाई मले."

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की दोन वर्षं म्हणजे काय. खऱ्या तारखेनं बाबूंची नोकरी चार महिन्यांत संपत होती. आणि काम निम्मं राहिलं होतं. जळगाव जामोदकडची सगळी गावं तशीच होती. मी पान उलटलं.

"बाई," ते म्हणाले, "ते पान झालं नाई अजून."

मी म्हटलं, "बाबू, हे पान इथं कुणी वाचणार नाही. तुम्ही आणि मी सोडून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. ज्या नजरेनं पहिल्या दिवशी माझी यादी पाहिली होती, त्या नजरेनं. मी पान पुन्हा मागे घेतलं आणि ती ओळ वाचली. त्यांनी ती लिहिली.

साहेबांना त्यांनी स्वतः अर्ज दिला. साहेबांनी त्यांना बसवून घेतलं, दार लावलं, आणि मी बाहेर असले तरी मला ऐकू येत होतं. साहेब म्हणत होते, "बाबू, तुमची काही लबाडी नाही यात. हेडमास्तरांची चूक, तीही पन्नास वर्षांपूर्वीची. काम संपेपर्यंत तरी थांबा."

"थांबलो असतो साहेब. पन मंग लोकाईच्या तारखा मी कोन्या तोंडानं तपासू?"

"तुमच्यामागून जो येईल तो सगळीकडे एक जुलै लिहून मोकळा होईल. ते चालेल तुम्हाला?"

बाबूंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नाई चालनार. पन ते त्यानं केलेलं राहीन."

दोन दिवसांनी त्यांची बायको माझ्या घरी आली. सरस्वतीबाई. तिला मी एकदाच पाहिलं होतं. ओट्यावर बसली, पाणी प्यायली. "बाई, तुमी सांगा त्याईले. माह्यं ऐकत नाईत. त्या खोलीशिवाय हे मानूस जगत नाई हो. सुट्टीच्या दिवशीबी तिकडंच पाह्यते. घरी बसून काय करतीन?" मी म्हटलं, मी एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मंग काय म्हनले?" मी म्हटलं, "काही नाही म्हणाले." तिनं मान हलवली. तिला ते ओळखीचं असावं.

अर्ज मंजूर झाला. लवकर घरी जाऊ द्या म्हणणाऱ्याला नाही म्हणायला कुणाकडे कारण नसतं. उरलेल्या चार महिन्यांत बाबूंनी कामाची घाई मुळीच केली नाही. शेवटच्या दिवशीही एका 'नोंद नाही'साठी चिठ्ठी लिहिली आणि टपालात टाकायला मला दिली. निरोपाला साहेबांनी भाषण केलं. बाबूंना बोलायला सांगितलं तेव्हा ते उठले, "चिठ्ठ्यायचे उत्तरं येतीन, तेवढे रजिस्टरात घ्या," म्हणाले आणि बसले.

उत्तरं आली. काही मी घेतली. पुढे मला माझ्या शाळेत परत पाठवलं आणि त्यांच्या जागी दुसरे गृहस्थ आले. साहेब म्हणाले होते तसंच झालं. जळगाव जामोदकडच्या एका गावात वर्गच्या वर्ग एका दिवशी जन्मलेला आहे. मी ते रजिस्टर पुढे कामानिमित्त पाहिलं. अक्षर सुरेख होतं.

बाबूंची शेवटची भेट म्हणावी अशी झाली नाही, नुसतं दिसले. सातआठ वर्षांनी एका प्रशिक्षणासाठी मी धामणगाव बढ्याला गेले होते. जूनचा शेवट, शाळेत नावं घालायचे दिवस. परतीच्या गाडीला थोडा वेळ होता म्हणून शाळेवरून चालले होते. व्हरांड्यात पोत्यावर लहानेबाबू बसले होते. खूप वाळले होते. टोपीखालचे केस पांढरे झाले होते. पुढे पोरांना घेऊन आलेल्या बायका. मी विचारलं तेव्हा तिथल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "दरवर्षी येतात. कुणी बोलावत नाही, येतात. आम्हालाही बरं पडतं."

एक तरुण बाई पुढे आली. कडेवर मुलगी. "वय पाच लिवा," ती म्हणाली.

"पाच कोनी सांगतलं?" बाबूंनी विचारलं.

"सासूनं."

"सासू तवा घरी होती?"

"नाई. ते तं वावरात होती."

"मंग कोन होतं तुह्यापाशी?"

बाई थांबली. तिनं मुलीला खाली ठेवलं आणि स्वतः पोत्याच्या कडेला बसली. मग ती सांगू लागली. आधी थोडं थोडं, मग भराभर. कोण होतं, कोण नव्हतं, किती वेळ लागला, मूल आधी रडलंच नाही, आपल्याला वाटलं गेलं. मागच्या बायका पुढे सरकल्या. बाबूंच्या हातात टाक होता, तो त्यांनी खाली ठेवला. कान तिच्याकडे करून, मान जराशी वाकवून ते ऐकत होते.

मी पुढे होऊन बोलणार होते. पण ती बाई सांगतच होती, आणि समोरच्या थांब्यावर माझी गाडी आली होती. खिडकीतून मागे पाहिलं तेव्हा तिचं अजून संपलं नव्हतं, आणि बाबूंनी अजून काही लिहिलं नव्हतं.